सावलीचे दिवस वगळून

सिद्धार्थ,

तुझं नाव छापून आलं आहे. ज्या परदेशी नियतकालिकात आपला एक तरी लेख यावा म्हणून आपण इतकी वर्षं धडपडलो, त्याच्या संकेतस्थळावर तो चढला. वर दोन नावं आहेत, पहिलं तुझं, दुसरं माझं, आणि खाली बालाघाट. तू मला तुझं नाव काढायला सांगितलं होतंस. मी काढलं नाही. आता तू नाहीस, आणि भेटेल तो माणूस माझा हात धरून सांगतो की सर, तुम्ही दोस्ती निभावली.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, मागे आई, पत्नी आणि मुलगी, हे सगळं प्राचार्यांनी लिहून कॉलेजच्या फलकावर लावलं आहे. त्यात तुझा विषय चुकला आहे. भौतिकशास्त्राऐवजी ‘अंतरिक्ष विज्ञान’ लिहिलंय. तू असतास तर म्हणाला असतास, "राहू दे ना बाप्पा, मेल्यावर तरी प्रमोशन भेटलं." मीही दुरुस्त करायला सांगितलं नाही. माझी स्वतःची दुरुस्ती बाकी होती आणि ती मी तुझ्या फोटोसमोर माईक धरून करायचा प्रयत्न केला. ती कशी झाली ते सांगायला हे लिहितो आहे. सभेत जे ऐकलं गेलं नाही ते छापलं गेलं तर कदाचित वाचलं जाईल.

आपण नागपूरला एमएस्सीला एका खोलीत राहिलो, पुढे दोघेही इथल्याच कॉलेजात लागलो. बाकीचे मास्तर शिकवण्या करत होते, आणि आपण उपग्रहांच्या घड्याळांमागे लागलो. खूळ तुझंच. फोनवर आपली जागा दाखवणाऱ्या उपग्रहांत अणुघड्याळं असतात, ती किती हलतात याच्या नोंदी मोठमोठी केंद्रं रोज सगळ्यांसाठी खुल्या ठेवतात, आणि त्या उतरवून घ्यायला बालाघाटातलं इंटरनेटही पुरतं, हे तू मला एका बसमध्ये समजावलंस. कटंगीहून येत होतो, माझ्या मांडीवर तुझ्या मायनं दिलेली वांग्यांची पिशवी होती.

"यंत्र त्यायचं, पैसा त्यायचा. आपल्याले काय लागते? एक खुर्ची अन् लाईट."

"लाईट बी त्यायचीच पाह्यजे होती मग," मी म्हणालो, आणि तू पुढच्या सीटवरची बाई वळून बघेपर्यंत हसलास.

नवा संगणक मागायला आपण तेव्हाच्या प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी अर्ज खालीवर केला आणि विचारलं, "बालाघाट में सैटेलाइट कहाँ है?" तू अगदी गंभीर चेहऱ्यानं बोट छताकडे केलंस. "ऊपर, सर." संगणक मिळाला नाही. तुझ्या घरातला जुना आणून आपण प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मांडला, आणि सुनंदा वहिनींनी त्याच्यावर टाकायला जुन्या साडीचं फडकं शिवून दिलं.

तुझ्यासारखं शिकवणं मला जमलं नाही. पोरं हिंदीत विचारायची, तू हिंदीत सांगायला लागायचास, मध्येच मराठीवर यायचास, आणि कोणाला ते कळायचंही नाही. घड्याळाचं स्थैर्य समजावताना तू कटंगीच्या बाजारातला गूळवाला आणायचास. "वो हर किलो में थोडा मारता है. हर हफ्ते मारता है, और उतना ही मारता है. उससे भरोसे का आदमी पूरे बाजार में नहीं. काहून? क्योंकि मेरे को मालूम है कितना जोड़ लेने का. जो कभी मारता है और कभी प्यार से ज्यादा डाल देता है, उसके पास मत जाओ." घड्याळ चुकतं याची भीती नसते. चूक रोज तेवढीच असेल तर ती हिशेबात धरता येते. चूकच बदलत राहिली की मोजमाप बिघडतं, आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागानं घड्याळ घसरलं तरी फोनच्या नकाशावर माणूस फूटभर सरकतो.

तुझं तिखट बोलणं रोज सारखंच तिखट होतं. प्राचार्यांशी, शिपायाशी, माझ्याशी, स्वतःच्या मायशी. ते हिशेबात धरून तुझ्यासोबत आयुष्य काढता यायचं. माझं मात्र तसं नव्हतं. मी कधी कमी द्यायचो आणि कधी प्रेमानं जास्त. हे तुला पहिल्यापासून दिसत असणार. तरी माझ्याशी दोस्ती केलीस, याचं मी काय करू?

भांडणाचं मूळ सावलीत होतं. वर्षातून दोनदा काही आठवडे असे येतात की उपग्रह फिरता फिरता रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीतून जातो. ऊन तुटतं, यंत्र गार पडतं, पुन्हा ऊन येतं. त्या दिवसांच्या नोंदी वेड्यावाकड्या येतात. ते दिवस बाजूला ठेवून आलेख काढला की सरळ उतरत गेलेली देखणी रेघ मिळते. ते घातले की काही उपग्रहांच्या रेघेला मध्येच टेंगूळ येतं. तुझं म्हणणं, टेंगूळ घड्याळाचं आहे, गारठ्यानं घड्याळच हलतं. माझं म्हणणं, टेंगूळ हिशेबाचं आहे. उपग्रह नेमका किती दूर आहे हे ठरवताना जी चूक होते ती घड्याळाच्या नोंदीत मिसळते, आणि सावलीत ती चूक वाढते. जमिनीवर बसलेल्या माणसाला दोन्ही चुका सारख्याच दिसतात.

मी अजूनही तेच म्हणतो. तू गेलास म्हणून माझं मत बदललेलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण मेलेल्या माणसापुढे मान डोलावणं तुला किती चीड आणायचं ते मला माहीत आहे.

"मग लिव ना तसं," तू म्हणायचास. "लिव का दोन कारणं असू शकतात, आमाले कोणतं ते समजलं नाही. लाजतं काहून?"

"समजलं नाही असं लिहायला लेख कशाला?"

"समजलं तेवढंच लिवलं तर पुस्तकं अर्धी होतील, भैताडा."

तू एक वाटही सांगितली होतीस. काही उपग्रहांवर आरसे बसवलेले असतात, जमिनीवरून लेसर मारून त्यांचं अंतर वेगळं मोजतात. त्या नोंदी जोडल्या तर अंतराची चूक एकीकडे आणि घड्याळाची एकीकडे करता येईल. नोंदी विरळ होत्या, काम किचकट होतं. मी म्हणालो, वर्ष जाईल. तू म्हणालास, "जाऊ दे. घड्याळ कुठं पळून चाललं?"

मला वर्ष जाऊ द्यायचं नव्हतं. माझ्या बढतीसाठी एक लेख लागत होता, हे खरं आहे. पण तेवढंच कारण असतं तर मी स्वतःला सोपं माफ केलं असतं. मला ती सरळ रेघ आवडली होती. आपल्यासारख्यांच्या हातून, गळक्या छताखाली, इतकी स्वच्छ रेघ निघावी आणि ती जगानं बघावी असं मला वाटलं. तुला हे वाटतच नव्हतं. तुला रेघ कशी दिसते याचं काही पडलेलं नव्हतं, आणि तुझ्या त्या बेपर्वाईचा मला राग यायचा.

तू परीक्षेच्या ड्युटीवर बैहरला गेला होतास तेव्हा मी सावलीचे दिवस काढून टाकले, आलेख नव्यानं काढले आणि लेख पाठवला. मजकूर तू वाचलेला होता. त्यात मी एक वाक्य वाढवलं, ‘अयोग्य नोंदी वगळल्या आहेत’. आपल्या धंद्यात नोंदी निवडाव्याच लागतात. कुठे नोंद तुटलेली असते, कुठे उडी असते, एक खराब आकडा सगळ्या गणिताची माती करतो. तूही निवडायचास. पण हात एकदा चाळणीला सरावला की खाली काय पडलं ते बघायचं राहतं. मी तर बघूनही पडू दिलं.

तू परत आल्यावर लेख पाठवल्याचं सांगितलं तेव्हा तू मला मिठी मारलीस. "गेला एकदाचा!" म्हणालास, आणि सगळ्या स्टाफला जिलेबी आणलीस. मी ती खाल्ली.

मग लेख तपासणाऱ्या परीक्षकाचा अभिप्राय आला. आपण परसवाड्याहून येत होतो, वहिनी शिकवायच्या त्या शाळेतला कार्यक्रम आटोपून. मी गाडी चालवत होतो, तू मागे बसून फोनवर मेल उघडलास. परीक्षकानं एकच प्रश्न विचारला होता: कोणत्या नोंदी वगळल्या, आणि का?

"मनोहरा, गाडी थांबव."

सागाच्या जंगलातला रस्ता होता. मी थांबवली.

"सावलीचे दिवस कुठं गेले?"

"वगळले."

"कोणं?"

"आपण."

"आपण म्हंजे कोण? मी बैहरले पोराईच्या कॉप्या पकडून राह्यलो होतो."

"सिद्धू, सगळेच वगळतात."

"मग सगळ्याईचं नाव टाक. माझं काढ."

"तुझंच काम आहे हे. तुझं नाव कसं काढू?"

तू हेल्मेट काढलंस. राग आला की तू आवाज चढवायचा नाहीस, उलट उतरवायचास. "माझं नाव कुठं लिवाचं अन् कुठून पुसाचं, हे आजवर गंज दुसऱ्याच लोकाईनं ठरवलं. माया आज्यापासून. तू तरी नोको ठरवू."

तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्याला अर्थ नाही. मी म्हणालो, "प्रत्येक गोष्टीत ते आणत जाऊ नको."

तुझा वॉर्ड, तुझं विहार, तुझे आजोबा, हे सगळं मला जवळचं आहे असं मी समजत आलो होतो. तुझ्या घरी मी जेवलो होतो, तू माझ्या. पण माझ्या वडिलांनी तुझा ग्लास वेगळा ठेवायला सांगितला होता, तेव्हा मी तुला बाहेर चहा प्यायला नेलं होतं आणि कारण सांगितलं नव्हतं. तुला कळलं होतं. तू तो विषय कधी काढला नाहीस. जंगलात उभा राहून मी तुला सांगितलं की ‘ते’ आणत जाऊ नको.

मागून परसवाड्याची जीप आली, तू हात केलास आणि चढलास. मी गाडीवर तुझ्या मागोमाग बालाघाटपर्यंत आलो. पुढे जायची हिंमत झाली नाही आणि थांबायचीही.

आपल्या कामात एकट्या घड्याळाची परीक्षा होत नाही. दुसऱ्याशी ताडून बघावं लागतं. दोघांत फरक निघाला तर चुकलं कोण हे कळायला तिसरं घड्याळ लागतं. त्या रस्त्यावर तिसरं कोणी नव्हतं. तू घरी काही बोलला नाहीस, स्टाफरूममध्येही नाही. मला फक्त ‘चाळणीवाले सर’ म्हणायला लागलास. लोक हसायचे, मीही हसायचो, आणि काय चाललंय ते आपण दोघंच जाणत होतो. तू चारचौघांत एकदा फुटला असतास तर मला सुटका मिळाली असती. तेही केलं नाहीस. याबद्दल मी तुझ्यावर अजून चिडलेलो आहे.

पावसाळा तसाच गेला. तुझी मुलगी श्रावस्ती माझ्याकडून भौतिकशास्त्र शिकत होती, तिला शिकवायला मी तुझ्या घरी येत राहिलो. तू आतल्या खोलीत बसायचास. वहिनी विचारायच्या, "तुमा दोघाईचं काय झालं, भाऊजी?" मी म्हणायचो, काम वाढलंय.

मग त्यांचा नागपूरहून फोन आला. "भाऊजी, यायले भरती केलं. बोलतात, पण दम लागते. येऊन जा एकदा." मी म्हणालो, दोन दिवसांत येतो. परीक्षकाला उत्तर द्यायची मुदत संपत आली होती. ते आधी उरकून मोकळ्या मनानं तुझ्याकडे यावं असं मी ठरवलं. मोकळं मन! हा शब्द मी तेव्हा खरंच वापरला होता, बायकोशी बोलताना.

त्याच दिवशी तू स्वतः फोन केलास. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"नाव काढलं काय?"

"तू आधी बरा हो."

"मी इचारून काय राह्यलो, तू सांगून काय राह्यला."

"काढतो म्हटलं ना."

"काढतो नाही. काढलं, असं सांग."

मी म्हणालो, "हौ रे बाबा," आणि डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं. तू म्हणालास, "डाक्टर बी तुयासारखेच. पाहू म्हणते." तुझं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य हे.

त्यानंतर मी उत्तर पाठवलं. त्यात लिहिलं की सावलीचे दिवस वगळण्याची पद्धत या क्षेत्रात रूढ आहे, आणि याबाबत दोन्ही लेखकांचं एकमत आहे. तू तिकडे एकेक श्वास ओढत असताना मी तुझं एकमत लिहून दिलं. नाव काढलं तर तुझ्या कामाचा चोर ठरेन, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं नव्हतं. पण नाव ठेवायचं तर दिवस परत घालायचे होते, तुझ्याबरोबर वर्ष घालवायचं होतं. ती वाट मी पाहिलीच नाही.

मग मी नागपूरला निघालो. गाडी तुमसरच्या पुढे गेली होती तेव्हा वहिनींच्या भावाचा फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या वॉर्डातली सगळी माणसं जमली होती. वंदना झाली, जेवणं सुरू झाली. लेख स्वीकारल्याचा निरोप तोवर आला होता आणि प्राचार्यांनी तो सगळीकडे सांगितला होता. तुझा चुलतभाऊ माझ्यासमोर पानावर बसला आणि भातावर वरण घेत म्हणाला, "सर, दादाचं नाव पहिलंच हाय ना? का खाली सरकलं?"

"पहिलंच आहे."

"इचारलेलं बरं. आमची नावं गळतात, मग म्हणतात टायपिंगमदी गेलं."

मी घास गिळला. त्या पंगतीत मी उभं राहून सांगितलं असतं की यानं स्वतः नाव काढायला सांगितलं होतं, तर कोणी खरं मानलं असतं? त्यांनी का मानावं? त्यांच्या जागी असतो तर मीही मानलं नसतं. तू गेलास आणि तुझ्या नकाराचा एकमेव साक्षीदार मी उरलो. ज्याला नकार दिला तोच साक्षीदार!

लेख झळकला तेव्हा मी तो पूर्ण वाचला. आपली रेघ फार सुंदर आली आहे. दुसऱ्या दिवशी मी संपादकांना कळवलं की लेख मागे घ्यायचा आहे, सहलेखकाची वगळण्याला संमती नव्हती आणि ते मी लपवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. सहलेखक हयात नसल्यानं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं कळवा, असं त्यांनी लिहिलं.

म्हणून मी वहिनींकडे गेलो. त्यांनी लेखाचं पहिलं पान छापून चौकटीत बसवून आणलं होतं. शोकसभेत तुझ्या फोटोशेजारी ठेवायचं, प्राचार्यांच्या हातून त्याला फूल वाहायचं असं ठरलं होतं. मी सगळं सांगितलं. जंगलातलं, फोनवरचं, ‘एकमत’ या शब्दाचं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही.

"म्हंजे आता हे पान बी नाही?"

"नाही, वहिनी."

"सुट्टी म्हणली का ते त्या खोलीत. बैहरच्या जंगलात दोन दिवस नेतो म्हणले होते, नाही नेलं. लेकीच्या शाळेत कधी गेले नाही. त्या साऱ्याचं हे एक पान निघालं, अन् ते तुमी घेऊन चालले."

"ते त्यालाच नको होतं."

"ते मले सांगू नोका." आता त्यांनी सूप खाली ठेवलं. "जित्तेपणी ते नाव नोको म्हणले, तुमी ठेवलं. मेल्यावर मी पाह्यजे म्हणतो, तुमी काढता. दोन्ही टायमाले तुमी तुमच्याच मनाचं केलं, भाऊजी."

मी उठायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मले एकटीले सांगून मोकळे होऊ नोका. सभेत सांगा. मग मी पाहीन हौ म्हणाचं का नाही."

सभा कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. पोरं होती, स्टाफ होता, तुझ्या वॉर्डातली माणसं मागे उभी होती. तुझी माय पहिल्या रांगेत होती, तिला हिंदी भाषणं नीट कळत नव्हती आणि ती प्रत्येक बोलणाऱ्याकडे बघून हात जोडत होती. माझी पाळी आली. मी मराठीत बोललो, मग पोरांना कळावं म्हणून हिंदीत बोललो. सांगितलं की या चौकटीतल्या लेखावर सिद्धार्थचं नाव त्याच्या मर्जीविरुद्ध आहे. त्यानं मला दोनदा काढायला सांगितलं. मी काढलं नाही, उलट त्याच्या नावानं खोटं लिहिलं. तो आजारी असताना लिहिलं. मी त्याला भेटायलाही वेळेवर गेलो नाही.

मला वाटलं, आता कोणी तरी उठेल, शिवी देईल. मी तयार होतो. प्राचार्य माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि माईक घेतला. "मनोहर सर बहुत भावुक हो गए हैं. मित्र के जाने का दुख आदमी को ऐसे ही तोड़ देता है, वो खुद को दोषी मानने लगता है. ऐसी मित्रता आज कहाँ मिलती है?" माना हलल्या. पुढच्या रांगेतल्या एका मॅडमनी डोळे पुसले. कोणी तरी मला पाणी आणून दिलं आणि बसायला खुर्ची ओढली. मी बसलो. हो, मी बसलो. प्राचार्यांनी चौकटीवर वाहायला फूल उचललं.

तेव्हा वहिनी उठल्या. माईकजवळ गेल्या नाहीत, जागेवरूनच बोलल्या, शाळेतल्या आवाजात.

"भाऊजी, त्यायनं नाव नोको म्हणलं होतं, हे खरं काय?"

"हौ."

"तुमचं डोकं ठिकाणावर हाय?"

"हौ, वहिनी."

"मग हे इथं नाही राहाचं." त्या टेबलापाशी आल्या. प्राचार्य फूल हातात धरून बाजूला सरकले. त्यांनी चौकट उचलली आणि पदराखाली काखेत धरली. मायनं विचारलं, "काय झालं वं, सुनंदा?" त्या म्हणाल्या, "काही नाही, माय. कागद चुकीचा होता."

मागे उभ्या असलेल्या माणसांत तुझा चुलतभाऊ होता. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी नजर खाली घातली नाही, एवढंच मला त्या दिवशी जमलं.

मौन झालं, माणसं पांगली. वहिनी फाटकाशी थांबल्या होत्या, शेजारी श्रावस्ती होती, तिच्या हातात तुझा फोटो.

"कोणाले हौ म्हणून कळवाचं ते मले फोनवर पाठवा. मी कळवतो."

"बरं."

"ते सावलीचे दिवस घालून पुन्हा लेख करसान का?"

मी म्हणालो, करेन, पण त्याच्या नावानं करायचा की नाही ते मला ठरवता येणार नाही, आणि आता विचारायलाही कोणी नाही. त्यांनी काखेतली चौकट सावरली. मग म्हणाल्या, "लेकीले शिकवाले येत होते ना, ते राहू द्या. ती गोंदियाले क्लास लावते म्हणते."

श्रावस्ती जमिनीकडे बघत होती. तिला हे आधी माहीत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी तिच्या सुट्टीतल्या धड्यांबद्दल काही तरी बोलायला लागलो आणि वहिनींनी फक्त मान हलवली. मी "हौ" म्हणालो.

त्यांचं म्हणणं काल संपादकांकडे पोचलं. लेख उतरेल. तुझं नाव उतरेल, माझंही, आणि ‘मागे घेतला’ एवढी ओळ तिथे राहील, कारण न सांगता. कारण इथे लिहिलं आहे. यानं तुझं माझं भांडण मिटत नाही, सिद्धार्थ. टेंगूळ घड्याळाचं की हिशेबाचं, ते मला अजून खात्रीनं माहीत नाही. लेसरच्या नोंदी मी उतरवायला घेतल्या आहेत. आज कॉलेजातून निघालो तो सवयीनं तुझ्या घराच्या रस्त्याला लागलो. कोपऱ्यावरून श्रावस्ती खिडकीशी वाचत बसलेली दिसली. तिनं मला पाहिलं असावं, कारण तिनं पुस्तक मिटलं. मी गाडी वळवली.